खिडकीकडची बाजू

१२ एप्रिल २०१९

थेग्यूदादा,

हे पत्र ग्येसुनचं आहे, तुमच्या धाकट्या बहिणीचं. नाव आधी सांगते, कारण माझं अक्षर तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तुम्ही जेजू बेट सोडून ओसाकाला गेलात तेव्हा मला लिहिता येत नव्हतं.

चुनह्वाताई गेल्या महिन्यात वारली. झोपेतच गेली. ऐंशी वर्षांची होती, फार भोगावं लागलं नाही, त्यामुळे आलेले सगळे म्हणाले की चांगलं मरण आलं. मीही तसंच म्हणत होते. तिचा मुलगा सांगहो शहराहून आला, त्यानं सगळं रीतीप्रमाणे केलं. तिला तिच्या नवऱ्याशेजारी, मुळ्याच्या शेताच्या कोपऱ्यात ठेवलं आहे.

तुमचा पत्ता आपल्या गावच्या यांगच्या मुलानं मागेच दिला होता. तो दर शरदात ओसाकाहून घराण्याच्या थडग्यांवरचं गवत कापायला येतो. तुम्ही आहात, चालता-फिरता, एवढंच तो म्हणाला. मी जास्त विचारलं नाही. तुम्ही पूर्वी स्वेटर पाठवला होता, त्यावरून ताईच्या नवऱ्याला हेर समजून चौकीत नेलं होतं. जपानहून काय काय येतं, कोण पाठवतं, असं विचारत होते. तेव्हापासून या घरात तुम्हाला पत्र लिहायची सोय नव्हती. आता विचारणारं कोणी उरलं नाही.

मी बरी आहे. शेतकी सहकारी संस्थेत नोकरी केली, निवृत्त झाले, लग्न केलं नाही. ताईचे यजमान गेल्यावर आम्ही दोघी याच घरात एका खोलीत झोपत असू. आता घर जरा मोठं वाटतं. झोप कमी झाली आहे, ती वयानं होतेच. भिंतीला पाठ टेकून बसलं की डुलकी लागते. संत्र्यांच्या कोठीत हवा चांगली असते म्हणून हल्ली तिथे बसते. कोठीला एकच दार आहे.

लिहायचं कारण असं. चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्यात आईचं श्राद्ध असतं. त्या रात्री आपल्या गावात जवळजवळ प्रत्येक घरी श्राद्ध असतं, हे तुम्हाला सांगायला नको. आई गेली त्या दिवशी शाळेच्या मैदानात तुम्ही आम्हा दोघींना आईच्या हातातून हिसकावून नेलंत, असं ताई शेवटपर्यंत म्हणत होती. म्हणून त्या ताटापुढे तुमचं नाव निघत नसे. आता ताई नाही. तुम्ही या. तुम्ही त्र्याऐंशीचे झालात, मी शहात्तरची. आणखी किती वेळा बोलवू शकेन माहीत नाही.

ग्येसुन


९ जून २०१९

दादा,

पहिलं पत्र पोचलं असं धरून लिहिते. उत्तराची घाई नाही.

कोठीतल्या हवेबद्दल लिहिलं होतं, ते पूर्ण खरं नव्हतं. सांगहोला कळलंच आहे, तर तुम्हालाही सांगते. वीज मंडळाची तीन माणसं मीटर बदलायला आली होती. अंगणात त्यांच्या बुटांचा आवाज झाला. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. सांगहो त्या दिवशी औषधं घेऊन आला होता. त्यानं घरभर हाका मारल्या, आणि शेवटी मी त्याला कोठीत सापडले, क्रेटांच्या मागे. पायांत चपला नव्हत्या. तोंडात स्वतःच्या बाहीचं टोक धरलं होतं.

तो ओरडला नाही. क्रेटावर बसला आणि म्हणाला, “मावशी, हे असं किती दिवस चालायचं? शहरात चला. आमच्या घराजवळ वृद्धांचं रुग्णालय आहे, चांगलं आहे. खोलीतून समुद्र दिसतो.”

“समुद्र मला इथूनही दिसतो.”

“हो, क्रेटांच्या मागून फारच छान दिसत असेल.”

मला हसू आलं. मग त्यालाही आलं. पण त्यानं मनावर घेतलं आहे. आईच्या श्राद्धापर्यंत बघू, म्हणाला, नाहीतर घर बंद करू.

ताई होती तेव्हा असं फारसं होत नसे. संध्याकाळी माझं अंग थरथरायला लागलं की ती जवळ येऊन बसे. बोलत काही नसे, शेंगा नाहीतर काहीतरी सोलत राही. तिचं अंग माझ्या अंगाला लागलेलं असे, तेवढ्यानं उतरत असे. हे मला ती गेल्यावर कळलं.

शेजारच्या बू मावशीनं हे सगळं ऐकलं आणि मला एका केंद्राच्या गाडीत बसवलं. सैन्य गावात आलं त्या साली ज्यांनी पाहिलं, भोगलं, अशा लोकांसाठी ते केंद्र आहे. तिथे दर गुरुवारी योगासनं शिकवतात. मी म्हटलं, या वयात कसली योगासनं?

“अगं, काही करावं लागत नाही,” बू मावशी म्हणाली. “शेवटी तर नुसतं प्रेतासारखं पडायचं असतं. त्या आसनाचं नावच तसं आहे. आयुष्यभर प्रेत व्हायचं चुकवत पळालो, आता सरकार गाडी पाठवून शिकवतंय.”

शिकवणारी हानबी नावाची मुलगी मुख्य भूमीवरून आली आहे. तिशीतली असेल. आपली बोली तिला अर्धीच कळते. खाली ऊब असलेली लाकडी जमीन, त्यावर पातळ गाद्या. आम्ही दहा-बारा म्हाताऱ्या आणि एकटे कांग काका. त्यांना तुम्ही ओळखत असाल, लोहाराच्या घरातले. ते मोजे काढत नाहीत.

पाठीवर पडायची वेळ आली तेव्हा मला ते जमलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं ओळीनं आडवी झाली होती, डोळे मिटून. मी उठून भिंतीशी गेले. वाटलं, ही आता मला समजावणार. ती एवढंच म्हणाली, “बसा, आजी. दार दिसेल अशी जागा घ्या.” दाराबद्दल मी तिला काही बोलले नव्हते.

मग ती सगळ्यांना म्हणाली, “आपण आत्ता कुठे आहोत, ते पायांना विचारा.”

“माझे पाय म्हणतात, न्हाणीघराकडे चल,” बू मावशी डोळे मिटूनच म्हणाली.

मी पुढच्या गुरुवारी परत गेले. फायदा झाला म्हणून नव्हे. गाडी घराशी येते, नाही कसं म्हणायचं.

ग्येसुन


२० सप्टेंबर २०१९

दादा,

वादळात तुमच्याकडेही बरंच नुकसान झालं असं बातम्यांत पाहिलं. तुम्ही सुखरूप असाल. इथे कोठीचे दोन पत्रे उडाले.

केंद्रात एक गोष्ट घडली. ती तुम्हालाच सांगता येईल, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची तर आधी फार मागचं सांगावं लागेल.

पाय लांब करून वाकायचं एक आसन होतं. ते सगळ्यांना झेपणार नाही म्हणून हानबी म्हणाली, “ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खिडकीकडच्या बाजूला या. बाकीच्यांनी इथेच थांबा.”

आम्ही सगळे उठलो. सगळेच. ज्या बाईला तिथे नुसतं उठून बसायला दोघांचा हात लागतो, तीसुद्धा उठली. माझे गुडघे चांगले आहेत, दादा, मी अजून बागेत शिडी चढते. तरी मी बू मावशीच्या पाठीला चिकटून खिडकीशी उभी होते आणि मागे कोणी राहिलं नाही ना, हे बघायची माझी हिंमत नव्हती.

हानबी हसली. “अरे वा, सगळ्यांचेच गुडघे गेले? असं कसं चालेल! निम्म्याजणी तरी परत या.”

कोणी हललं नाही. मग कांग काका, मोजे घातलेले, खिडकीच्या काचेला टेकून, मोठ्यानं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, “आमच्या जावयाचा भाऊ पोलिसात आहे हो.”

त्यावर कोणी हसलं नाही. ती मुलगी आमच्याकडे बघत राहिली. बू मावशी तिला म्हणाली, “बाळ, तुझा काही दोष नाही. एकदा आम्हाला असंच विचारलं होतं. पोलिसांच्या आणि सैनिकांच्या घरचे या बाजूला, बाकीचे तिथेच. तिथे राहिलेल्यांना शेतात नेलं.”

एवढंच. सत्तर वर्षांत बू मावशीच्या तोंडून मी हे प्रथमच ऐकलं, आणि तेही इतकं थोडक्यात. तुम्ही तेव्हा “आमचे मामा पोलिसात आहेत” असं ओरडला होतात. आपले मामा टपाल कचेरीत शिपाई होते.

हानबीनं माफी मागितली असती तर मला अवघड झालं असतं. ती तिची गादी उचलून आमच्याकडे आली. “मग मीही इकडेच येते,” म्हणाली. उरलेला वेळ आम्ही सगळे त्या चिंचोळ्या जागेत होतो. हात पसरायला जागा नव्हती, कोणाचं कोपर कोणाच्या तोंडात. माझं अंग थरथरायला लागलं, आधी मांड्या, मग दात. मी नेहमीसारखं आवळून धरायला गेले. ती हळूच म्हणाली, “थांबवू नका. ते येऊन जाऊ दे. तुम्ही फक्त श्वास सोडत राहा.” ते आलं, बराच वेळ राहिलं, आणि गेलं. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. दोन्ही बाजूंनी माणसं टेकलेली होती.

त्या दिवसापासून मी खोलीत झोपते. दिवा चालू असतो. आडवी होते, कुशीवर.

पण गुरुवार एकच असतो आणि बाकीचे दिवस लांब असतात. जेवण एकटीचं करायचं म्हणजे भाताचं भांडं सुद्धा धड तापत नाही. ताईची वाटी मी अजून मांडते आणि परत उचलून ठेवते. तुम्ही याल का, एवढं कळवा.

ग्येसुन


३ डिसेंबर २०१९

दादा,

परवा तुमची नात मिका हिनं फोन केला. आपली भाषा ती शिकलेली आहे, पुस्तकातली. “आजोबा बोलतील,” म्हणाली आणि फोन तुमच्याकडे दिला.

तुम्ही माझं नाव घेतलंत. तुमची बोली ऐकून मी चकित झाले. ती अजून त्या काळातल्या मुलांची बोली आहे. आता इथे असं कोणी बोलत नाही, शाळा आणि दूरदर्शननं ती पुसून टाकली. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या आवाजात तेरा वर्षांचा मुलगा बोलत होता.

मग तुम्ही विचारलंत, “आई मागून ओरडत होती ना? मी ऐकलं होतं.”

आणि मी म्हटलं, “जेवलात का?”

“हो.”

“काय जेवलात?”

“मासा.”

मग तुम्ही फोन मिकाकडे दिलात. ती मला हळू आवाजात म्हणाली की तुम्ही माझी पत्रं वाचता, घडी घालून ठेवता आणि म्हणता की त्या ताटापुढे तुम्हाला उभं राहता येणार नाही. सत्तर वर्षं ओरडणं कानात आहे, असंही म्हणता. हे तिनं सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका.

आई ओरडली का, हे मला माहीतच नव्हतं. मी सहा वर्षांची होते. त्या दिवसातलं मला थंडी आठवते, आणि कोणाच्या तरी टाचेखाली फुटलेला बर्फ. बाकी जे आहे ते ताईनं सांगितलेलं. ताई म्हणे, थेग्यूनं ओढलं, आईनं धरून ठेवलं होतं, आपण तिच्या हातातून सुटलो. तिनं हे इतक्या वेळा सांगितलं की मला वाटायचं मीच ते पाहिलं आहे.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काही रचून सांगू शकले असते. फोन ठेवल्यावर एक-दोन वाक्यं सुचलीही. पण तुम्ही ती ओळखली असती.

ग्येसुन


१४ जानेवारी २०२०

दादा,

आईचं श्राद्ध परवा झालं. तुम्ही आला नाहीत. मी दारात उभी राहिले नाही, पण दाराचा कडी-कोयंडा लावला नव्हता.

सांगहो आणि त्याची बायको दुपारीच आली होती. तिनं मासे भाजले, मी मुळ्याचं सारण घालून कुट्टूच्या पिठाच्या पोळ्या केल्या. आईला त्या आवडत, असं ताई म्हणायची. मद्याचे पेले भरताना मी एक जास्त भरला आणि म्हटलं, “हा थेग्यूचा.”

सांगहो दचकला. “मावशी, आमची आई रागावेल हं.”

“तिनं सत्तर वर्षं राग धरला, आता जरा विसावा घेऊ दे तिला,” मी म्हटलं. वाकून नमस्कार करताना त्यानं तुमच्या नावाचाही केला. जाताना मी विचारलं, घराचं काय ठरवलंस? तो म्हणाला, “कोठीचे पत्रे बसवून देतो.” म्हणजे मी इथेच राहणार आहे.

आता मुख्य गोष्ट लिहिते. ती श्राद्धाच्या आधीच्या गुरुवारची आहे. तेव्हाच लिहिणार होते, पण चार दिवस ती मनात ठेवून पाहिली की ती तशीच राहते का. तशीच राहिली.

हानबीनं मुठी आवळायला सांगितल्या. श्वास घेताना जितक्या घट्ट आवळता येतील तितक्या, आणि सोडताना हळूहळू उघडायच्या, जे बोट आधी सुटू पाहील ते आधी सोडायचं. मी बसूनच करत होते. डावी मूठ उघडली. उजवी उघडेना. मी जोर लावत होते असं नाही, ती आपोआप बंद होती. मग माझाच डावा हात उठला आणि त्याचा अंगठा उजव्या हाताच्या करंगळीखाली शिरला. करंगळी उचलली. मग तिच्या शेजारचं बोट. एकेक करून, घाई न करता, जसं झोपलेल्या मुलाच्या मुठीतलं खेळणं काढतात तसं. मी ते बघत होते. ते मी करत नव्हते.

माझ्या मुठीत आईच्या घागऱ्याचं कापड होतं, दादा. जाड, धुराचा वास असलेलं. आणि तो अंगठा आईचा होता. नख उभं चिरलेलं, खरखरीत. तिनं माझी बोटं तिच्या घागऱ्यापासून सोडवली आणि मोकळा झालेला हात दुसऱ्या एका हातात दिला. तो हात घामानं ओला होता, एवढ्या थंडीत. तो तुमचा होता. तुमच्या दुसऱ्या हातात ताई होती आणि ती पुढे होती. तिला मागचं दिसलंच नाही. तिला ओढलेलं तेवढं कळलं.

बाबा सैन्याला चुकवून डोंगरात पळाले होते हे सगळ्या गावाला माहीत होतं. आई आपल्याबरोबर त्या बाजूला आली असती तर तुमचं मामांचं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. हे ती समजून होती, असं मला आता वाटतं. पण हा माझा विचार झाला. बोटांचं ते मी पाहिलं.

मी हानबीला नंतर सांगितलं. ती म्हणाली की शरीराला आठवतं ते सगळं जसंच्या तसं घडलेलं असतं, असं ती म्हणणार नाही. मला तिचं हे बोलणं आवडलं. म्हणून तुम्हालाही शपथेवर सांगत नाही. पण ताईचं सांगणं माझ्या कानांत होतं आणि हे माझ्या हातात आहे. हाताला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या गुरुवारी मी शेवटी पाठीवर पडले. बू मावशी शेजारून म्हणाली, “आली का एकदाची प्रेतांत?” मी हो म्हटलं. छताला पाणी झिरपल्याचा डाग आहे तिथे. मी डोळे उघडे ठेवले होते.

पुढच्या वर्षी या, किंवा येऊ नका. मी आधी बोलवत होते ते भीतीपोटी बोलवत होते, घरात कोणाचं तरी अंग असावं म्हणून. आता तसं नाही. रात्री एकटी असते, आणि एकटेपणा एकटेपणासारखाच असतो, पण त्यात बूट वाजत नाहीत. आलात तर तुम्ही आईला भेटायला याल, माझ्यासाठी नाही.

तुम्ही मला ओढत नेत होतात तेव्हा माझं तोंड मागे होतं, हेही त्या गुरुवारी आठवलं. त्या गर्दीत आई मला बराच वेळ दिसत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. एकदाही उघडलं नाही. तुम्ही जे ऐकलंत ते खरंच ऐकलंत, ते ओरडणं तुमच्या अगदी कानाशी होतं.

ओरडत मी होते, दादा.

ग्येसुन